आत्याचं आजचं अंतर

रूपधार खोऱ्यातल्या दोन निवाऱ्यांमधलं अंतर, वाटसरूची किती काळजी केली जाते त्यावर ठरतं. हे माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर स्वच्छ छापलेलं होतं, आणि तरीसुद्धा शाल्मली दातारने ते पत्रक मिरजेच्या घरी जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं.

पत्रकात बाकीचंही सगळं दिलेलं होतं. खोऱ्यात तीन लाकडी निवारे. पायाला स्की बांधायच्या, दोन काठ्या घ्यायच्या, सकाळी निघून बर्फावरून सरकत पहिला निवारा गाठायचा, तिथे झोपायचं, दुसऱ्या दिवशी दुसरा, तिसऱ्या दिवशी तिसरा. चढावर मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायला केसाळ पट्ट्या मिळतात. निघायच्या दिवशी दुपारी बारापर्यंत पुढचा निवारा चार किलोमीटरच्या आत आला तर तो टप्पा 'सौम्य' धरला जातो. नवशिक्याला फक्त सौम्य टप्प्याचीच परवानगी. निवारा त्याहून लांब असेल तर नवशिक्याने नमस्कार करून घरी जावं.

नवशिक्याचं वय साठ पूर्ण झालेलं नसावं, असंही एक कलम होतं. कुमुदआत्याला तीन एप्रिलला साठ पूर्ण होत होती. हंगाम पंधरा मार्चला संपत होता. म्हणजे हाच हिवाळा, नाहीतर कुठलाच नाही.

कुमुदआत्या ही शाल्मलीच्या वडिलांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होती. तिच्या टेबलावरच्या काचेखाली कुठल्याशा मासिकातलं एक चित्र होतं: पांढरा उतार, त्यावर दोन समांतर रेघा, आणि रेघांच्या टोकाला ठिपक्याएवढी एक बाई. निवृत्तीच्या दिवशी आत्याने शाल, श्रीफळ आणि ते चित्र एवढंच घरी आणलं. तिच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी काळजीपोटी राहून गेल्या होत्या. सायकल राहिली, कारण रस्त्यावर ट्रक असतात. नागपूरची बढती राहिली, कारण तिथलं ऊन. आणि एक वसंत नावाचे गृहस्थ राहिले, कारण त्यांच्या आईला दमा होता आणि दमा आनुवंशिक असतो, असं तिच्या थोरल्या भावाने, आप्पाकाकांनी, कुठेतरी वाचलं होतं.

हे शाल्मलीला सहन होत नसे. ती भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालेली, सव्वीस वर्षांची, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी तिचं रोज सकाळी चहापासूनच वाजायचं. आत्याला रूपधारला न्यायचं हे तिनेच ठरवलं आणि दोन महिने कोणाला पत्ता लागू दिला नाही. आत्या मंगळवारी आणि शुक्रवारी देवळाला म्हणून निघायची आणि लाकडाच्या वखारीत जायची. तिथे भुशाचा एक मोठा ढीग होता. मालक शाल्मलीच्या मैत्रिणीचे वडील. त्या ढिगावरून आत्या दोन फळ्या पायाला बांधून खाली सरकायला शिकली. पडायलाही शिकली. घरी आल्यावर तिच्या अंबाड्यातून सागवानाचा वास यायचा, तो देवळातल्या उदबत्तीचा समजला जाई.

रोज सकाळी नऊ वाजता शाल्मली गच्चीत जाऊन खोऱ्याच्या नोंदणी कचेरीला फोन करी. तिथल्या चौहानबाई पूर्वी बारा वर्षं पुण्यात नोकरीला होत्या, त्यामुळे मराठी बोलत.

"कुमुद दातार, नवशिक्या. आजचं अंतर?"

"आठशे मीटर," चौहानबाई म्हणाल्या. "फार छान आहे हो. घरी कोणी नाही का त्यांना?"

"सगळे आहेत. सांगितलेलं नाही."

"सांगूही नका," चौहानबाई म्हणाल्या.

आणि त्याच दिवशी ते पत्रक टेबलावर राहिलं.

"बर्फात?" आप्पाकाका म्हणाले. ते भावंडांत सगळ्यांत मोठे. त्यांचा आवाज चढला की ताटातली वाटी हलायची. "हिला मिरज स्टेशनचा जिना उतरवत नाही!"

"उतरवतो, आप्पा," आत्या म्हणाली. "तुम्ही मागून 'सावकाश, सावकाश' ओरडता, म्हणून थांबते."

"ताई, मी काय म्हणतो," बाबा म्हणाले, "बर्फच बघायचाय ना? महाबळेश्वरला दवबिंदू गोठतात हल्ली."

"बाबा, तिला दवबिंदूवरून घसरायचं नाहीये," शाल्मली म्हणाली. "आणि काळजी करू नका. प्लीज. ही माझी विनंती नाही, तिथला नियम आहे. तिसरं पान वाचा."

बाबांनी चष्मा लावून तिसरं पान वाचलं. मग मोठ्याने वाचलं. आईने पदराने हात पुसत विचारलं, "म्हणजे आपण काळजी केली की ते घर लांब जातं?"

"हो."

"अगं बाई. मग ती पोचायची कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंतर चौदा किलोमीटर झालं होतं.

बाबांना हा आकडा कळायला नको होता, पण ते शाल्मलीच्या मागोमाग गच्चीत आले होते. चौदा किलोमीटर ऐकून ते पायरीवर बसले. त्यांच्या बसण्याने अंतर सोळा झालं. मग त्यांनी स्वतःच दर अर्ध्या तासाने कचेरीला फोन लावायला सुरुवात केली. आकडा वाढलेला असे. त्याची काळजी वाटे. त्या काळजीने पुढचा आकडा वाढे. संध्याकाळपर्यंत एकतीस. शेवटी चौहानबाईंनी शाल्मलीला फोन करून सांगितलं, "तुमच्या वडिलांना रक्तदाबाची गोळी द्या आणि त्यांचा फोन काढून घ्या."

रविवारी बैठक बसली. घरात कोणताही प्रश्न आला की बैठक बसायची आणि आईने केलेले पोहे संपेपर्यंत चालायची. आप्पाकाका अध्यक्ष. सगळ्यांनी लेखी हमी द्यायची असं ठरलं, कारण तोंडी गोष्टींवर आप्पाकाकांचा विश्वास नव्हता. बाबांनी कोर्टासमोरून मुद्रांक आणलेला होता. आप्पाकाकांनी मजकूर सांगितला, बाबांनी लिहिला.

"आम्ही खाली सही करणार, असं लिहून देतो की, चि. कुमुद हिच्या पुढील गोष्टींची काळजी आम्ही करणार नाही. एक, घसरण्याची. दोन, गुडघ्याची. तीन, हाताची बोटं काळी पडण्याची. चार, कडा कोसळण्याची…"

"यादी कशाला हवी?" शाल्मलीने विचारलं.

"मोघम हमीला कायद्यात अर्थ नसतो," आप्पाकाका म्हणाले. "अकरा, रस्ता चुकण्याची. बारा, अस्वलाची."

आईच्या हातातला डाव थांबला. "अस्वलं आहेत?"

"थंडीत झोपलेली असतात, आई!"

"आणि जागं झालं एखादं, तर?"

हे कोणालाच सुचलेलं नव्हतं. पोहे गार झाले. एकोणीस कलमांवर चौघांच्या सह्या झाल्या. सही करून बाबांनी बारावं कलम पुन्हा एकदा वाचलं.

सोमवारी चौहानबाईंचा आवाज खूप औपचारिक होता. "दातार, तुमचा पहिला निवारा काल सायंकाळी शेजारच्या जिल्ह्यात गेला. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारणा केली आहे की तो आमचा आहे का."

"किती किलोमीटर?"

"आमची मोजपट्टी तिथे चालत नाही."

शाल्मली गच्चीतून खाली आली तेव्हा आत्या खिडकीत बसून लोकरीचे मोजे रफू करत होती. तिने हातातला मोजा पुरा केला, दात लावून धागा तोडला, आणि दोन्ही मोजे घडी करून कपाटात सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवले. त्या कप्प्यात वापरात नसलेल्या वस्तू असत.

त्या कप्प्याचा आवाज ऐकून शाल्मलीचं डोकं फिरलं. ती सरळ दिवाणखान्यात गेली आणि म्हणाली, "परवानगी नाकारली. खूश? आता मी आत्याला घेऊन दापोलीला चाललेय, माझ्या मैत्रिणीकडे, आठ दिवस. त्याला तरी कोणाची हरकत आहे का?"

कोणाचीच नव्हती. घरात सण असल्यासारखं झालं. आप्पाकाकांनी बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दापोली उत्तम. फक्त गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नकोस." आई म्हणाली, मासे जपून खा, काटा अडकतो. बाबा म्हणाले, तिकडचं पाणी जड असतं. मंगळवारी अंतर एक किलोमीटर शंभर मीटर झालं. समुद्र पाचशे, काटा तीनशे, जड पाणी तीनशे. निवारा जिल्ह्यात परत आल्याचं पत्र चौहानबाईंनी पाठवलं, त्यावर दोन्ही जिल्ह्यांचे शिक्के होते.

मोजे पुन्हा बाहेर आले.

आता फक्त तयारी राहिली होती, आणि तयारी शाल्मलीने केली. तिने लोकरीचे हातमोजे तीन जोड घेतले, मग चौथा घेतला. शिट्ट्या दोन. आत्याच्या पाठपिशवीचे पट्टे तिने घरी तपासले, स्टेशनवर तपासले, दिल्लीला गाडी बदलताना फलाटावर पिशवी उपसून पुन्हा तपासले. डॉक्टरांचं गुडघ्याचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात. रात्री बसमध्ये आत्याचा श्वास चालू आहे की नाही हे तिने दोनदा पाहिलं.

"काळजी करतेस काय?" आत्याने डोळे मिटूनच विचारलं.

"ही काळजी नाही. ही तयारी आहे."

पण अंतर रोज वाढत होतं. एक पॉइंट नऊ. मग दोन पॉइंट सहा. मग तीन पॉइंट तीन. शाल्मलीला ठाऊक होतं हे कोणाचं काम आहे. तिने बसथांब्यावरून घरी फोन लावला. "बाबा, दापोलीत माणसं राहतात! पिढ्यान्‌पिढ्या राहतात! तुम्ही कसली काळजी करताय?"

"मी कुठे काय? मी कोडं सोडवतोय," बाबा म्हणाले. "आप्पांना ताईशी बोलायचंय."

आप्पाकाकांनी विचारलं, "काय कुमुद, समुद्र कसा आहे?"

आत्याने बसच्या काचेतून बाहेर पाहिलं. "पांढरा," ती म्हणाली.

"पांढरा?"

"फेस, आप्पा."

निघायच्या दिवशी दोघी खोऱ्याच्या तोंडाशी, नोंदणी कचेरीत पोचल्या तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. कचेरी म्हणजे एक खोली, तिला व्हरांडा, व्हरांड्यात बाक आणि भिंतीवर काळी पाटी. चौहानबाई फोनवरच्या आवाजापेक्षा बुटक्या होत्या. त्यांनी आत्याला नमस्कार केला, तिचे बूट दाबून पाहिले, पट्ट्या नीट चिकटवल्यात म्हणून मान डोलावली. मग पाटीवरच्या 'किलोमीटर' या शब्दापुढे खडूने लिहिलं: ९.४.

समोर फक्त बर्फ होता. निवारा दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

"सकाळी तीन पॉइंट सात होतं!" शाल्मली म्हणाली. "घरी कळलं वाटतं. अस्वल निघालं असणार पुन्हा."

"घरचं एक पॉइंट एकच आहे," चौहानबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. त्यात नावं होती आणि नावांपुढे आकडे. आप्पा दातार, पाचशे मीटर, समुद्र. सौ. दातार, तीनशे, काटा. अरविंद दातार, तीनशे, पाणी. आणि खाली: शाल्मली दातार, आठ किलोमीटर तीनशे मीटर, संकीर्ण.

शाल्मलीने चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

"सोबत आलेल्याची काळजी दुप्पट धरतात," चौहानबाई म्हणाल्या. "जवळून केलेली असते ना."

"मी काळजी करत नाहीये!"

चौहानबाईंनी पाटीकडे पाहिलं, बोटाने चार पुसलं आणि सहा लिहिलं.

शाल्मली बाकावर बसली. तिने डोळे मिटून सतराचा पाढा उलटा म्हटला. सतरा पाचे पंच्याऐंशीपाशी तिला आत्या बर्फात उताणी पडलेली दिसली. पाटीवर ९.९ झाले. तिने पाय मोकळे केले, दीर्घ श्वास घेतला, स्वतःला बजावलं की बाई पन्नास वेळा भुशावर पडून उठलेली आहे. पण भुसा मऊ असतो. दहा पॉइंट दोन. वाजले होते अकरा चाळीस. तिला वाटलं, आपण खाली गावात निघून जावं. पण गावातून काहीच दिसलं नसतं, आणि काही दिसत नसताना तिला काय काय दिसेल याचा विचार करताच चौहानबाईंचा खडू पुन्हा वाजला.

"बारापर्यंत चारच्या खाली आलं नाही तर मला फाटक बंद करावं लागेल," त्या म्हणाल्या. "माझा नाइलाज आहे."

"आत्या, सॉरी," शाल्मली म्हणाली. "मला थांबवताच येत नाहीये."

कुमुदआत्या खाली वाकून बूट स्कीत अडकवत होती. एक अडकला. दुसरा अडकला. तिने काठ्या हातात घेतल्या आणि सरळ उभी राहिली.

"शामू," ती म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलं. मी तुझं नाव वधूवर सूचक मंडळात घातलंय."

"काय?"

"दिवाळीतच घातलं. रविवारी इचलकरंजीचा मुलगा बघायला येतोय. आप्पांना सगळं माहितीय."

शाल्मली बाकावरून उठली. पाटीवरचा आकडा चौहानबाईंनी पुसून आठ केला.

"तू? तू घातलंस? आत्या, तू?"

"फोटो तुझा तो लाल साडीतला दिलाय. उंची एक इंच वाढवून लिहिली. स्वभाव मनमिळाऊ. आवड, स्वयंपाक आणि भरतकाम."

"भरतकाम!"

"सहा पॉइंट एक," चौहानबाई म्हणाल्या.

"जन्मभर त्या लोकांनी तुला डांबून ठेवलं आणि आता तू त्यांच्यात जाऊन बसलीस? मला विचारायचं नाही? मी काय भांडं आहे, कोणाला आहेरात द्यायला?"

"आणि शिक्षण मी बी.ए. लिहिलंय," आत्या म्हणाली. "एम.एस्सी. म्हटलं की मुलं बिचकतात."

यावर शाल्मलीने जे बोलायला सुरुवात केली ते चौहानबाईंच्या नोंदवहीत 'सोबतीचं निवेदन' या सदरात सव्वा दोन पानं आहे. बारा वाजायला चार मिनिटं असताना पाटीवर एक पॉइंट तीन लिहिलं गेलं आणि फाटक उघडलं. आत्या काठ्या टेकत निघाली. समोरच्या टेकाडामागून निवाऱ्याचं लाल छप्पर वर आलं, मग भिंती आल्या, मग दार.

"पाठ फिरवू नकोस! मी बोलतेय!" शाल्मली फाटकाच्या दांड्याला धरून ओरडली. "सहा वर्षं दगड फोडलेत मी! सह्याद्रीच्या अर्ध्या कातळांच्या वयाचा दाखला मला देता येतो, आणि तू लिहितेस भरतकाम!"

आत्या उतारावर होती. तिच्या मागे दोन रेघा उमटत होत्या, फार सरळ नव्हत्या. मध्यावर ती एकदा पडली, बाजूला कलली, वखारीत शिकली तशी गुडघे जवळ घेऊन उठली. शाल्मलीच्या ते लक्षात आलं नाही; ती बी.ए.च्या मुद्द्यावर होती. ती तिथून मंडळाच्या मुद्द्यावर आली, तिथून इचलकरंजीवर, आणि तोपर्यंत आत्याने स्की काढून निवाऱ्याच्या भिंतीला उभ्या केल्या होत्या.

चौहानबाईंनी परवान्यावर 'पोचल्या' असा शिक्का मारला आणि वेळ लिहिली, बारा अठरा. हा शिक्का पडला की घरच्यांची काळजी हिशेबातून सुटते.

"झालं, ताई," त्या शाल्मलीला म्हणाल्या. "आता थोडं हळू बोलाल? पंचवीस मीटरच्या आत निवारा आला की आम्हाला व्हरांड्यातलं सामान हलवावं लागतं."

पण शाल्मलीचं झालं नव्हतं. निवाऱ्यातून आता आत्याचा आवाज इथवर येत होता.

"मुलाला आहे मुळी दगडांची आवड! त्याची फरशीची फॅक्टरी आहे!"

"खरं आहे का हे? आधी ते सांग! खरंच घातलंयस का नाव?"

"ओरडू नकोस, घसा बसेल!"

"माझा घसा आहे!"

चौहानबाईंनी कुंड्या आत नेल्या. बाक भिंतीला लावला. छपरावरचा बर्फ फाटकावर पडला, फाटक आडवं झालं, आणि निवाऱ्याची खिडकी शाल्मलीच्या समोर येऊन थांबली. आतून आत्याने कडी काढली. तिचं नाक लाल झालं होतं, पदर स्वेटरवरून खोचलेला होता, आणि तिच्या हातात वाफाळलेला पेला होता. तो तिने खिडकीतून बाहेर धरला.

चौहानबाईंनी पाटीवरचा आकडा पुसला. किलोमीटर या शब्दावर त्यांनी काट मारली, त्याच्याखाली 'हात' लिहिलं आणि पुढे एकचा आकडा काढला.

शाल्मलीने पेला घेतला आणि एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

खिडकी आणखी चार बोटं जवळ आली.